अमां मुलगा नव्हती

(पुष्पा साने, एडिसन, न्यू जर्सी यांनी सांगितलं तसं)

मी उल्हासनगरची. आम्ही उल्हासनगर कधी म्हणायचोच नाही, कॅम्प म्हणायचो, कारण फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या लोकांना सरकारने तिथे लष्कराच्या रिकाम्या बराकींमध्ये ठेवलं होतं आणि माझे आईवडील दोघंही त्याच बराकींमध्ये लहानाचे मोठे झाले, एका लांबलचक शेडमध्ये कितीतरी कुटुंबं, मध्ये पोत्याचे पडदे. मी जन्मले तोवर पोत्यांच्या जागी विटांच्या भिंती आल्या होत्या, पण शेजारच्या घरातलं भांडण आम्हाला ऐकू यायचं आणि आमचं त्यांना, त्यामुळे कुणाचं काही लपून राहतं असं मला लहानपणी वाटत नसे. एक गोष्ट मात्र त्या कॅम्पात लपून राहिली, सत्तर वर्षं राहिली, आणि उघडी पडली ती इथे, एडिसनला, माझ्या दुकानात. तीच सांगते.

बाबा शिंपी होते. आमची शाळा मराठी, कारण ती जवळ होती, दुसरं काही कारण नाही. म्हणून माझं मराठी हे असं, आणि पुढे नवराही मराठीच मिळाला, साने, डोंबिवलीचे, कॉम्प्युटरवाले. सासूबाईंनी लग्नात नवीन नाव लिहायला तांदळाचं ताट आणलं तेव्हा मी म्हटलं, आई, नाव राहू दे, पुष्पा म्हणून आले तर पुष्पाच राहणार. त्या सान्यांना म्हणाल्या, फटकळ दिसते रे तुझी बायको. तशी मी आहेच. पण नावाबद्दल माझं कारण वेगळं होतं, ते पुढे येईलच. इथे आल्यावर सान्यांची नोकरी सुरू झाली, मी घरी बसून काय करणार, शिवणकाम बाबांकडून हातात आलेलं होतं, आधी घरी ब्लाऊज शिवले आणि मग ओक ट्री रोडच्या मागच्या गल्लीत दुकान टाकलं, ब्लाऊज, फॉल-बीडिंग, ऑल्टरेशन. गुजराती, तेलुगू, पंजाबी, मराठी, सगळ्या बायका येतात. बाबा गेल्यावर अमांला इकडे आणली, अमां म्हणजे माझी आई. आता ती अठ्ठ्याऐंशीची आहे, एक गुडघा बदललेला आहे, वॉकर घेऊन चालते आणि माझ्या प्रत्येक ब्लाऊजच्या बाहीत चूक काढते.

तर नाटक. अमां सांगायची, सिंधमध्ये नाटक होतं, चांगलं होतं, पण ते शिकलेल्या मुलांचं. कॉलेजातली मुलं, वकील, कारकून असे हौशी लोक मंडळं काढायचे, इंग्रजी म्हणा, फारसी म्हणा, कुठली कुठली नाटकं सिंधीत आणायचे. गावाकडे भगत होते, घुंगरू बांधून घेरदार जामा घालून गाणारे नाचणारे, तेही पुरुषच. बाई स्टेजवर कुठेच नाही. बाई बघायला येते तीच मोठी गोष्ट. मग नाटकातली बायको कोण, नायिका कोण, तर पुरुष. आणि काय सांगू तुम्हाला, त्यात काही हसण्यासारखं होतं असं समजू नका. ते काम मान देऊन केलं जायचं, मान देऊन बघितलं जायचं. लोक म्हणायचे, अमका इतकी सुंदर बाई होतो की त्याची खरी बायको त्याच्यापुढे फिकी पडते. त्या बायकोला काय वाटत असेल ते कुणी विचारलं नाही.

कॅम्पात अमांच्या शेजारच्या बराकीत दादा मूलचंद राहायचे, सगळे त्यांना दादा मूलो म्हणायचे. ते सिंधमधल्या हैदराबादेत दिवसा कारकून आणि संध्याकाळी नायिका होते. आपलं निजामाचं हैदराबाद नव्हे, ते वेगळं. सगळं सोडून आले, त्यात कपडे किती आणि भांडी किती ते सोडा, दादा मूलोंनी बरोबर काय आणलं तर विग. बायको आयुष्यभर बोलायची, म्हणायची, आमचा पितळेचा डबा राहिला आणि या माणसाचे केस आले. कॅम्पात एका शाळामास्तरांनी पुन्हा मंडळ उभं केलं, कारण माणसं दिवसभर रांगेत उभी राहून राहून कंटाळली होती, रेशनची रांग, रॉकेलची रांग, नळाची रांग. संध्याकाळी शाळेच्या पटांगणात बाकं जोडून स्टेज, मागे चादरी. नायिका अर्थात दादा मूलो. चाळिशी उलटलेली, पोट आलेलं, आवाज मात्र तसाच पातळ.

मग मास्तरांनी नवीन नाटक लिहिलं, कॅम्पातलंच, निर्वासित घरातल्या नवीन सुनेचं. सून अठरा-एकोणीसची. दादा मूलो स्वतःच म्हणाले, मास्तर, मी आता या वयात सासू शोभतो, सून दुसरी बघा, आणि मुंबईत आता मुली उभ्या राहतात म्हणे, आपणही एखादी मुलगी बघू या. मास्तर घरोघर फिरले. कुणी चहा दिला, कुणी चहासुद्धा दिला नाही. मुलगी कुणी दिली नाही. तेव्हा माझी अमां, सतरा वर्षांची, रुकी, रुक्मणी तिचं नाव, ती आपण होऊन दादा मूलोंच्या दारात गेली आणि म्हणाली, मला शिकवा.

नानी, म्हणजे अमांची आई, विधवा होती, पापड लाटून घर चालवायची. मास्तरांनी अमांला शाळेत बसवलं होतं, त्यामुळे त्यांचा शब्द तिला मोडवेना. ती म्हणाली, करू दे, पण कुणाला कळता कामा नये, पोरीचं लग्न व्हायचंय. ठरलं तसं. नाव जाहीर करायचं नाही, तालीम दादा मूलोंच्या घरात, मंडळातल्या पुरुषांनी तोंड बंद ठेवायचं. एकच बाहेरचा माणूस होता ज्याला कळणं भाग होतं, तो शिंपी. म्हणजे माझे बाबा, तेव्हा बावीस-तेवीसचे. दादा मूलोंच्या ब्लाऊजला आतून कापसाच्या दोन गाद्या शिवाव्या लागायच्या, ते बाबांचं नेहमीचं काम. या वेळी मास्तर नवीन मापं घेऊन आले आणि गाद्यांचं बोललेच नाहीत. बाबांनी विचारलं, गाद्या? मास्तर म्हणाले, नकोत. बाबांनी एकदा मापांकडे बघितलं, एकदा मास्तरांकडे, आणि म्हणाले, बरं. एवढंच. शिंप्याला सगळं कळतं आणि शिंपी बोलत नाही, हे मी आज माझ्या दुकानातही बघते.

आता यातली गंमत अशी की अमांला बाई व्हायला शिकवलं कुणी, तर पुरुषाने. दुसरं कुणी नव्हतंच शिकवायला. दादा मूलोंनी तिला चालायला शिकवलं, पावलं जवळजवळ टाकून, कंबर जरा लचकवून, हनुवटी खाली. लाजायचं कसं, रडायचं कसं, पदर कुठल्या बोटांनी धरायचा. आणि आवाज! दादा मूलो बोलायचे तो बायकी आवाज म्हणजे पुरुषाने पातळ केलेला आवाज. अमांचा स्वतःचा आवाज चांगला भरलेला होता, आजही आहे, पण दादा मूलोंना वाटायचं नायिका अशीच बोलते, आणि अमांलाही वाटलं नायिका अशीच बोलते, तर ती पोरगी स्वतःचा बाईचा आवाज सोडून पुरुषाच्या बाईचा आवाज काढायला शिकली. महिनाभर घासून घासून शिकली. दादा मूलो शेवटी म्हणाले, आता तू माझी सावली आहेस.

पहिला प्रयोग झाला. पटांगण भरलेलं, पुरुष पुढे, बायका एका बाजूला. अमां एका अक्षराला चुकली नाही. पडदा पडल्यावर लोक उभे राहिले, टाळ्या थांबेनात, आणि मग सगळे मास्तरांभोवती गोळा झाले, म्हणायला लागले, काय मुलगा शोधलात साईं, कुठला हो, इतकं कोवळं पोर, मूलोच्या वरताण झाला. एक म्हातारे मागे चादरीपाशी येऊन अमांच्या डोक्यावर हात ठेवून पुट, पुट म्हणून आशीर्वाद देऊन गेले, पुट म्हणजे बाळा, मुलग्याला म्हणतात. कुणालाच शंका नाही. कारण नायिका म्हणजे पुरुष हे त्यांना ठाऊक होतं आणि हिची चाल, हिचा आवाज, सगळं पुरुष करतात तसंच. नानीने देवाला गूळ ठेवला. म्हणाली, देवाने अब्रू राखली. आणि अमां घरी येऊन पोत्याच्या पडद्याकडे तोंड करून बसली ती जेवलीच नाही. मला ती सांगायची, पुष्पी, टाळ्या माझ्या होत्या आणि घेऊन गेला एक मुलगा, जो जन्मालाच आला नव्हता.

दुसरा प्रयोग लागला तो काही महिन्यांनी. नाटकात एक प्रसंग होता, सून नळावरून पाणी घेऊन घरात येते आणि नवरा दारात उभा असतो. तालमीत आणि पहिल्या प्रयोगातही रिकामी घागर होती, कंबरेवर टेकवून झुलत झुलत यायचं, तो दादा मूलोंचा खास प्रवेश, त्यावर सिंधमध्ये म्हणे लोक वन्स मोअर द्यायचे. त्या दिवशी अमांने कुणाला न सांगता घागर गळ्यापर्यंत भरली. भरलेली घागर घेऊन लचकत चालता येत नाही हो. तुम्ही घेऊन बघा. खांदा वाकतो, दुसरा हात आपोआप लांब जातो, पाय फाकतात, साडी भिजते. तशी ती आली, कॅम्पातली प्रत्येक बाई रोज यायची तशी, आणि दारात उभ्या नवऱ्याला कोपराने ढकललं आणि स्वतःच्या भरल्या आवाजात म्हणाली, बाजूला हो, सांडतंय. हे वाक्य नाटकात नव्हतंच. बायकांच्या बाजूने कुणीतरी ओरडलं, हीअ त छोकरी आहे! ही तर मुलगी आहे. आमच्या सिंधीतही आहे ला आहेच म्हणतात. मग सगळ्या बायका उठल्या, कुणी हसतंय, कुणी शिट्टी वाजवतंय, एक तर म्हणे रडली. पुरुषांना काही कळेना. पुढचं सगळं नाटक अमां स्वतःच्या आवाजात बोलली.

दादा मूलो विंगेत होते. सगळ्यांना वाटलं आता ते चिडणार. ते म्हणाले, रुकी, मी वीस वर्षं बाई झालो आणि एकदाही पाणी भरलं नाही. त्यांनी नंतर कधी साडी नेसली नाही. दुःखाने नव्हे. ते दिग्दर्शन करायला लागले आणि पुढे ज्या मुली येतील त्यांना पहिल्या दिवशी सांगायचे, मी करून दाखवतो तसं करू नका.

हे सगळं फार छान वाटतं ऐकायला. पुढे काय झालं ते ऐका. कल्याणच्या एका घरात अमांचं लग्न जवळजवळ ठरलं होतं, त्यांचा निरोप आला, मुलगी स्टेजवर नाचते असं ऐकलं. ती नाचली नव्हती, घागर घेऊन आली होती, पण ते कोण ऐकणार. स्थळ मोडलं. नानीने तिसऱ्या प्रयोगाला अमांला कोंडून ठेवलं आणि जो येईल त्याला सांगायला लागली, तुम्हाला भ्रम झाला, तो मुलगाच होता. पहिला प्रयोग बघितलेले लोक म्हणायचे, होय, मुलगाच होता, आम्ही बघितलाय. दुसरा बघितलेले पुरुष म्हणायचे, बायका उगाच ओरडतात. आणि बायकांना कोण विचारतंय? अशी ती गोष्ट पक्की झाली.

दोन वर्षं गेली. मग बाबांनी स्वतःच्या घरी विषय काढला, पापडवालीच्या रुकीशी लग्न करायचंय. त्यांची आई, माझी डाडी, म्हणाली, ती नाटकातली तर नव्हे? बाबा म्हणाले, छे, तो मुलगा होता, मीच ब्लाऊज शिवलाय त्याचा, गाद्या घालून. झालं लग्न. आमच्यात लग्नात सुनेचं पहिलं नावही बदलतात, तुमच्यातही काही घरांत असतंच ते, तर डाडीने रुक्मणीची लाजवंती केली. लाजवंती! रुकी संपली. नाटकातला मुलगा राहिला. आता कळलं ना, मी सासूबाईंचं ताट का परत पाठवलं?

लहानपणी मी एकदा शाळेत सांगितलं होतं, माझी आई कॅम्पातल्या पहिल्या नाटकवाल्या बायकांपैकी आहे. डाडीच्या कानावर गेलं, तिने मला उभं करून विचारलं, कोण म्हणालं? मी म्हटलं, अमां. डाडी म्हणाली, तुझ्या आईला गोष्टी रचायची सवय आहे, तो मुलगा होता. अमां तिथेच भाजी चिरत होती. चिरतच राहिली. बाबाही काही बोलले नाहीत. अमां बाबांशी भांडली असेल तर हजार गोष्टींवरून, पण बाबा गेल्यावर ती मला एकच म्हणाली, चांगला माणूस होता, पण एकदा तरी चारचौघांत म्हणायला हवं होतं त्याने.

आता इथली गोष्ट. गेल्या वर्षी चेटीचंडच्या आधी, म्हणजे आमच्या नवीन वर्षाच्या आधी, एक मुलगा दुकानात आला. विकी. आयटीतला, मूळ उल्हासनगरचा, त्याचे आजोबा अजून तिथेच आहेत. बत्तीसेक वर्षांचा, दाढी राखलेली, सिंधी येत नाही, हिंदी-इंग्लिश सगळं एकात. म्हणाला, आंटी, अर्जंट है, एक लेडीज ब्लाऊज शिवायचाय, मेरे साइज का, विथ पॅडिंग. मी म्हटलं, कशाला? म्हणाला, इथली सिंधी मंडळी या वेळी जुन्या सिंधी थिएटरवर शो करतायत, तेव्हा फीमेल रोल्स जेंट्स करायचे, सुपर फनी, मी हिरोईन करतोय, एंट्रीलाच हॉल डाउन होईल बघा. आणि फोन काढला. आंटी, ये देखो, ओरिजिनल फोटो आहे, दादाजींकडे होता, कॅम्पातलं जुनं नाटक, आणि हा जो मधला आहे ना साडीत, हा तो मुलगा, टोटल लेजंड, कुणाला कळलंच नाही पुरुष आहे.

मी फोटो बघितला. मधोमध, हनुवटी खाली, पदर दोन बोटांत धरलेला, माझी अमां.

मी म्हटलं, विकी, ही माझी आई आहे. तो हसला. म्हणाला, आंटी, नो नो, दादाजींनी स्वतः बघितलंय. मी म्हटलं, रात्री आठला घरी ये, तुझ्या दादाजींना फोन लाव तिथून, तिकडे पहाट असेल, पण म्हातारी माणसं उठलेलीच असतात.

अमां सोफ्यावर बसून टीव्ही बघत होती. मी सगळं सांगितलं. मला वाटलं ती हलेल, सत्तर वर्षांनी तो मुलगा समुद्र ओलांडून आला होता. तिने विकीला आधी खालपासून वरपर्यंत बघितलं आणि म्हणाली, हा नायिका करणार? हा तर फ्रिज आहे. मग म्हणाली, लाव फोन.

पलीकडे विकीचे आजोबा, चौऱ्याऐंशीचे, व्हिडिओवर नुसतं कपाळ दिसत होतं. अमां म्हणाली, अदा, म्हणजे भाऊ, ते नाटक तुम्ही बघितलं होतं? म्हणाले, पहिल्या रांगेत बसून, अदी, मी शाळेत होतो, काय मुलगा होता तो! अमां म्हणाली, मुलगी होती. म्हणाले, माफ करा अदी, मी डोळ्यांनी बघितलंय, तुम्ही तेव्हा कुठे होतात? अमां म्हणाली, जवळच होते. मग तिने डोळे मिटले आणि दादा मूलोंच्या त्या पातळ आवाजात पहिल्या प्रवेशातलं बोलणं सुरू केलं, एकही शब्द न अडखळता. ते कपाळ फोनमध्ये एकदम जवळ आलं. हाच! हाच आवाज! म्हातारे ओरडायला लागले, हाच तो मुलगा, अदी, जिवंत आहे का तो, कुठे असतो आता? अमां म्हणाली, एडिसनला. मुलीच्या घरी राहतो.

आजोबांचं कपाळ मागे सरलं. मग म्हणाले, अदी, तू? अमां म्हणाली, पहिला प्रयोग बघून घरी गेलास, दुसऱ्याला यायचं होतंस. आजोबा म्हणाले, दुसऱ्याला मला ताप होता. अमां म्हणाली, मग ताप उतरल्यावर चौकशी करायचीस. आणि माझी मुलगी नेहा, इथेच जन्मलेली, फिजिकल थेरपिस्ट आहे, आजीच्या गुडघ्याचे व्यायाम घ्यायला आली होती, ती दारात उभी राहून ऐकत होती, ती म्हणाली, ओ माय गॉड, आजी जस्ट किल्ड हिम.

विकी मुलगा चांगला आहे. कान पकडले त्याने. म्हणाला, आंटी, आपण स्लाइड लावू, फर्स्ट लेडी म्हणून. मी म्हटलं, स्लाइड मेलेल्या माणसांची लावतात. अमां म्हणाली, स्लाइड नको, मी करते. फक्त आधीचा भाग तू कर, दादा मूलोंचा, आणि त्यात एकाही माणसाने हसायचं नाही, हसले तर ती तुझी चूक. मग काय, तीन आठवडे माझ्या दुकानाच्या मागच्या खोलीत, हँगरच्या रांगांमध्ये तालीम. विकी ऑफिसातून थेट यायचा. अमां खुर्चीत, वॉकर बाजूला. म्हणायची, पाऊल जवळ टाक, तू पार्किंग लॉटमध्ये चालतोयस का? विकी म्हणायचा, अमां, हा वॉक अनकम्फर्टेबल आहे यार. अमां म्हणायची, यार कोणाला म्हणतोस, पदर सांभाळ. ब्लाऊज मी शिवला, गाद्या घालून, बाबांनी शिकवला होता तसा, आणि खोटं कशाला बोलू, तो माझ्या हातून शिवलेला सगळ्यात चांगला ब्लाऊज आहे.

कार्यक्रमाच्या दिवशी हॉल भरलेला. सिंधी होते, इकडून तिकडून ऐकून मराठी आणि गुजरातीही आले होते, माझी अर्धी गिऱ्हाइकं होती. विकी दाढी काढून साडीत आला तसं पोरंटोरं हसली, शिट्ट्या मारल्या. तो थांबला नाही, हसला नाही, डोळा मारला नाही. पावलं जवळजवळ टाकत आला, हनुवटी खाली, आणि बोलायला लागला. दोन वाक्यांत हॉल गप्प झाला. मागची एक म्हातारी बाई म्हणाली, किती सुंदर दिसतो गं. मला दादा मूलो कधी बघायला मिळाले नाहीत, पण त्या दिवशी ते काय असतील ते कळलं.

मग अमां. नेहाने तिला खुर्चीपर्यंत आणलं आणि बाजूला झाली. तेच बोलणं, सुनेचं, नवरा कामाच्या शोधात निघालाय आणि ती दारात उभी आहे, पण आता स्वतःच्या आवाजात. अर्ध्या हॉलला सिंधी कळत नव्हतं. मी बाजूने बघत होते, कुणी फोन बघत नव्हतं. तिने हातवारे केले नाहीत, रडली नाही, नुसती बोलली, घरातली बाई बोलते तशी, आणि मला पहिल्यांदा समजलं की ही माझी आई आहे म्हणून मोठी नाही, ही खरंच मोठी नटी होती आणि आम्ही सगळ्यांनी मिळून तिला भाजी चिरायला बसवलं.

टाळ्या संपल्यावर सूत्रसंचालन करणाऱ्या मुलीने माइक घेतला, आपल्या आदरणीय लाजवंती आंटी, म्हणून. अमांने हात पुढे केला, माइक मागितला. म्हणाली, लाजवंती माझ्या सासूची सून. हे काम रुक्मणीने केलं. तिथे मुलगा नव्हता. आणि माइक परत दिला. बस एवढंच. विकीने आजोबांना फोनवर लाइव्ह दाखवलं होतं, तो म्हणाला, आंटी, दादाजी रो रहे हैं. मी म्हटलं, रडू दे, ताप उतरला असेल.

त्याला आता वर्ष होत आलं. दुकानात गिऱ्हाइकं ब्लाऊजआधी अमांची चौकशी करतात. फिलाडेल्फियाच्या मंडळींनी तेच काम पुन्हा करायला बोलावलं, तर अमांने साफ नाही सांगितलं. म्हणाली, अठरा वर्षांची सून माझी तीनदा करून झाली, आता काहीतरी वयाला शोभणारं द्या. विकीने तिच्यासाठी एक लिहिलंय, हिंदी-सिंधी मिसळून, त्यात ती एक खवट घरमालकीण आहे, सगळ्यांना छळते, शेवटी सुधारत वगैरे नाही. अमांला ते फार आवडलंय. नेहा म्हणते, मॉम, तिचं ब्लडप्रेशर बघ, हे टू मच आहे. मी म्हणते, बघितलंय, तालमीच्या दिवशी चांगलं असतं.

सहा वाजले का? मग मला उठायला हवं, ती तालमीला वाट बघत असेल, समोरच्याचं काम मी वाचते, उशिरा गेले की समोरच्याचे डायलॉगही तीच म्हणून टाकते आणि मग मला म्हणते तुझी गरज काय. मे महिन्यात प्रयोग आहे, तुम्ही या, पुढे बसा. आमचा देव झूलेलाल तिला पडदा पडेपर्यंत ठणठणीत ठेवो, आणि मग टाळ्या ऐकून घ्यायला आणखी थोडा वेळ देवो.